पोटावरचा शिक्का

राजेहो, चहा येऊन राहिला तोवर एक सांगून टाकतो. माझ्या फजित्या तुम्हाला ठाऊक आहेत. नवरदेवाच्या जोड्यात शेण भरणारा मी, अन् तोच जोडा पाठीवर खाणाराही मीच. सातवीच्या वर्गाला माझा एवढा लळा, की त्यानं मला दोन वर्षं ठेवून घेतलं. पण त्या साऱ्या फजित्या हसून सोडून देण्याजोग्या. ही तशी नाही. ही आठवली की माझा हात आपोआप सदऱ्याच्या खालच्या गुंडीकडे जातो, अन् आहे ना लागलेली, म्हणून तपासून पाहतो.

का तपासतो? सांगतो ना! घाई कायची?

मी तेव्हा भंडाऱ्याला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होतो. दहा-बारा वर्षं झाली होती. काम काय, तर दार उघडायचं, नावं पुकारायची अन् काचेच्या सिरिंजा-सुया उकळायच्या. उकळण्यात मात्र माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता बरं का! स्टोव्हवर डबा, डब्यात सुया, अन् मनगटावर घड्याळ. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. साडेएकोणीसला कोणी झाकण उचललं तर मी त्याचा हात झटकायचो. मग लांब चिमट्यानं एकेक सुई अशी उचलायचो, जशी लेकराच्या डोळ्यातली पापणी काढतो आहे.

येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय मला करमत नसे. आंधळगावकडची एक बुढी, सोनाबाई, सुनेला घेऊन आली होती. डब्याकडे बघून म्हणाली, "काय उकळवून राहिला गा? आलू होय का?"

"सुया होय आजी. वीस मिनिटं, घड्याळ पाहून. एक मिनिट कमी नाई. जंतू म्हणजे काय टमाटर होय, का दोन उकळ्यांत मऊ होईन?"

"अस्सं!" बुढी म्हणाली, अन् तिनं ते डोक्यात ठेवलं. हे तुम्हीही डोक्यात ठेवा.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. एक दिवस दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं. टीव्हीसारखा पडदा, खाली बटणं, अन् वायरीच्या टोकाला मुठीत मावेल असं एक हँडल. बाई त्याला प्रोब म्हणत. पोटावर जेली लावायची, त्यावरून प्रोब फिरवायचा, की पडद्यावर पोटातलं लेकरू दिसतं. मला विचाराल तर पडद्यावर खळ्यात धान उधळल्यासारखं दिसायचं. पण बाई म्हणत, हे डोकं, हा पाय. मीही मान हलवायचो.

पहिल्याच दिवशी मी प्रोब उचलला अन् उकळत्या डब्याकडे निघालो.

"दौलतराव!" बाई अशा ओरडल्या, की बाहेरच्या बाकावरच्या दोन बाया उठून उभ्या राहिल्या. "उकळायचा नाही तो! पाण्यात बुडवायचा पण नाही. जळून जाईल!"

"मंग साफ कसा होईन?"

बाईंनी मला समोर बसवून समजावलं. आजही पाठ आहे. एका बाईचं झालं की पहिले कोरड्या फडक्यानं जेली पुसायची. सगळी. जेलीचा थर राहिला, की वरून लावलेलं काहीच खालपर्यंत पोचत नाही. मग साबणपाण्यात पिळलेलं फडकं फिरवायचं. मग पुन्हा कोरडं करायचं. फडकी दर बाईला नवी. एकदा वापरलं की धुवायच्या बादलीत. अन् कोणाच्या कातडीवर पुरळ, जखम, काही दिसलं, तर आधी बाईंना सांगायचं.

त्यासाठी बाईंनी घरची जुनी सुती पातळं फाडून चौकोनी फडकी केली होती. धुतलेली, इस्त्री केलेली. डब्यात रचून वर एक कापराची वडी.

आता माझी गंमत पाहा. सुईच्या बाबतीत मी देव मानावा इतका कडक. पण मला वाटलं, हे काय साफ करणं झालं? ना वाफ, ना उकळी, ना घड्याळ! फडक्यानं तर आमच्या घरची चूल पुसतात. अन् सुई आत जाते, हे तर वरच्या वर फिरते. वरच्या वर फिरणाऱ्या वस्तूला कायचा विटाळ? शिवाय दिवसाच्या शेवटी तीस-चाळीस फडकी धुणार कोण? दौलतच ना!

माझ्या खांद्यावर दुपट्टा होताच. आपल्याकडच्या माणसाचा दुपट्टा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंच तोंड पुसायचं, त्यानंच बसायची जागा झटकायची, त्यातच भाजी बांधून आणायची. बाई हात धुवायला वळल्या की मी दुपट्ट्याच्या टोकानं प्रोब पुसायचो. फस्स! झालं! "पुढची चाला वो!"

पंधरा दिवसांनी बाईंनी फडक्यांचा डबा उघडून पाहिला. म्हणाल्या, "वा दौलतराव! किती पांढरी ठेवता हो फडकी. नव्यासारखी."

नव्यासारखी का नसतील? हात कोणी लावला होता? पण मी मान खाली घालून, मोठ्या नम्रपणे म्हणालो, "तुमचा आशीर्वाद."

आता याच्या पुढचं जरा जवळ येऊन ऐका.

दुपारी बाई जेवायला घरी जात. दवाखान्यात मी एकटा. समोरचा चहावाला बबन चहा घेऊन यायचा. एक दिवस मी त्याला म्हटलं, "पोटातलं पाह्यतं का?" अन् यंत्र चालू केलं, सदरा वर केला, जेली चोपडली अन् प्रोब स्वतःच्या पोटावर फिरवला.

"हे पाह्य. हे सकाळचं पिठलं. हा भात. अन् हे जे काळं दिसून राहिलं ना, हा तुहा चहा."

"अबे बापरे!" बबन हात जोडून उभा. "एवढा काळा?"

"दूध कमी घालतं ना तू!"

बबननं दुसऱ्या दिवसापासून चहात दूध वाढवलं. मग काय, दर दोन-तीन दिवसांनी दुपारी माझ्या पोटाचा खेळ. खेळ झाला की दुपट्ट्यानं पोट पुसायचं, त्याच दुपट्ट्यानं प्रोब पुसायचा, अन् दुपारच्या बायांना हाक मारायची.

त्या पोटावर, करदोड्याच्या जरा वर, गजकर्ण होतं. भादव्याचा उकाडा, घामानं कंबर ओली. रुपयाएवढं होतं ते बशीएवढं झालं. कडेला लाल, मधे कोरं, अन् खाज अशी, की माणूस देवळातही उभा राहू शकत नाही. बायको रोज म्हणायची, "अवो, डॉक्टरच्या घरी काम करता, दाखवा ना बाईले!"

"मी दवाखान्याचा माणूस. मले काय होते?" असं मी म्हणायचो, अन् खाजवत खाजवत सायकलवर बसायचो.

मग एक दिवस शहापूरची एक बाई आली. डॉक्टरीणबाई आत होत्या. ही माझ्याजवळ आली अन् हळूच म्हणाली, "भाऊ, माह्या पोटावर हे गोल कायचं उठलं जी? यंत्र जिथी फिरवलं, तिथीच आहे."

खरं सांगतो, माझ्या डोक्यात तेव्हा काहीच आलं नाही. एकच आलं, की थट्टा करायची ही किती सोयीची जागा आहे! मी तोंड शाळेच्या हेडमास्तरासारखं केलं.

"शिक्का होय तो, बाई."

"शिक्का?"

"यंत्राचा. लेकरू तब्येतीनं पास झालं का शिक्का उठते. साऱ्यांले नाई उठत."

ती एवढी खूश झाली, की बाईंना दाखवायचं विसरून एस.टी. पकडून घरी गेली. अन् मी दिवसभर एकटाच हसत बसलो. किती हुशार मी!

आठ दिवसांत काय झालं असेल? दवाखान्यात दोन बाया भांडायला आल्या. "आमाले काहून शिक्का नाई देल्ला? आमची लेकरं का नापास होय?" बाई विचारतात, कसला शिक्का? मी म्हणतो, "खेड्यातल्या बाया, काय बोलतात ते देव जाणे." अन् त्या दोघींना बाहेर नेऊन सांगितलं, "पुढच्या खेपेले उठन, काळजी नोका करू." त्यातल्या एकीला खरंच उठला!

पण राजेहो, शिक्का असेल तर तो खाजणार नाही ना? हा खाजायला लागला. पसरायला लागला. बाया रात्ररात्र पोट खाजवून रडकुंडीला आल्या. अन् मग माझी थट्टा माझ्या हातातून सुटली. कोण्या गावात कोण बोललं कोणास ठाऊक, पण बाजारातून बाजारात बातमी फिरली, की भंडाऱ्याचं यंत्र पोटाला डाग देतं. तापल्या लोखंडानं पोट डागतात ना, तसं. वरून एवढा दिसतो, तर आतल्या लेकराला केवढा लागला असेल?

बाक रिकामं पडलं. माश्या मारायलाही माशी येईना. बाई खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायच्या. पण ती काळजी रिकाम्या बाकाची नव्हती, हे मला एक दिवस कळलं. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं अन् एका नावावर बोट ठेवलं. शेवंता. सोनाबाई बुढीची सून.

"ही मागच्या सोमवारी यायला पाहिजे होती, दौलतराव. हिची वार खाली आहे. पिशवीच्या तोंडावर. घरी कळा सुरू झाल्या, अन् गावातच बाळंत करायला बसले, तर रक्त थांबणार नाही. बस सापडेपर्यंत दोघंही जातील."

मी ते नाव पुन्हा वाचलं.

"ती का आली नाही, मला माहीत नाही. तुम्हाला लोकांशी बोलता येतं. जा, अन् तिला घेऊन या."

लोकांशी बोलता येतं! ते वाक्य घेऊन मी एस.टी.त बसलो.

उतरून चिखलातून गावात पोचलो. सोनाबाईच्या अंगणात पोचतो तर बुढी दारातच, दोन्ही हात चौकटीला लावून उभी. शेवंता आत भिंतीला टेकून बसलेली. तिचा नवरा गुलाब गोठ्यातून आला, हातात बैल हाकायची तुतारी.

"नाई येत माही सून," बुढी म्हणाली. "डागलं तुमी तिले."

"आजी, यंत्र डागत नाई वो."

"मंग हे काय होय?" ती सुनेचं पोट थोडीच मला दाखवणार? चुलीतला कोळसा घेतला अन् अंगणातल्या सारवणावर काढून दाखवलं. "हे असं गोल. कडा लाल लाल. मधात कोरं. रातभर खाजवून राह्यते पोरगी."

राजेहो, मी त्या कोळशाच्या गोलाकडे पाहिलं. कडा लाल. मधे कोरं. अन् नेमकं त्याच घडीला माझ्या करदोड्याच्या वर अशी खाज उठली, अशी उठली, की काय सांगू! हात नको नको म्हणताना गेला. मी एकदा खाजवलं. मग दोनदा. मग डोळे मिटून खाजवायला लागलो. डोळे उघडले तर बुढी माझ्याकडे बघते आहे.

"का गा, कायले खाजवून राहिला?"

"डास, आजी."

"उचल सदरा."

"अवो आजी, चारचौघात..."

"माह्या सुनेचं पोट साऱ्या गावानं चघळलं. तुह्या पोटाले काय सोनं लागलं? उचल!"

शेजारपाजार जमा झालाच होता. मी खालची गुंडी काढली अन् सदरा वर केला. बुढी वाकली. माझ्या पोटाकडे पाहिलं, सारवणावरच्या कोळशाकडे पाहिलं. पुन्हा पोटाकडे.

मग गुलाब एक पाऊल पुढे आला. तुतारी हातात आडवी.

"तुह्या पोटावरचा गोल माह्या बायकोच्या पोटावर कसा आला बे?"

आता याचं उत्तर तुम्ही द्या! मी कितीही खरं बोललो तरी पहिलं वाक्य तोंडातून निघेपर्यंत मार खाणार, हे मला दिसत होतं. एक थाप ओठावर आलीही होती. हवा बदलली की साऱ्यांना होतं म्हणायचं, अन् पाठ फिरवून एस.टी. धरायची. बुढीनं ऐकलंही असतं. पण मग शेवंता घरातच राहिली असती. आत, भिंतीला टेकून. तिचे पाय सुजलेले होते, ते मला दारातून दिसत होते.

मी खाली बसलो अन् सारं सांगितलं. दुपट्टा खांद्यावरून काढून त्यांच्यापुढे ठेवला. यानं मी माझं पोट पुसलं, यानंच प्रोब पुसला, अन् तोच तिच्या पोटावर फिरला. डॉक्टरीणबाईंनी फडकी दिली होती, ती मी डब्यात ठेवली. शिक्का ही माझी थट्टा. बबनचा चहासुद्धा सांगितला. जन्मभर मी गोष्टी सांगितल्या अन् माणसं हसली. त्या अंगणात कोणी हसलं नाही.

आतून शेवंताचा आवाज आला. "मंग यंत्रानं लेकराले काई केलं नाई?"

"नाई बाई. हे वरच्या कातडीचं दुखणं होय, मलमानं जाते. लेकराले काई नाई. यंत्र साफ होतं. घाण मी होतो. पण तू नाई आली तर..." अन् बाईंनी सांगितलेलं, वार खाली असल्याचं, रक्ताचं, तेही मी जसंच्या तसं सांगितलं.

शेवंता भिंतीला धरून उठली. "चाला," म्हणाली. गुलाबनं तुतारी दाराला टेकवली अन् बैल जुंपायला गेला.

बुढी मात्र माझ्यासमोरून हलली नाही. "मी बी येतो. अन् तू पुसशीन तवा मी पाहीन."

दवाखान्यात पोचलो अन् मी बाईंपुढे सदरा पुन्हा वर केला. दुसऱ्यांदा तेवढी लाज वाटत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. जास्त वाटते. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फडक्यांचा डबा उघडला, वरचं फडकं काढलं. इस्त्रीची घडी तशीच. कापराचा वास तसाच. त्यांनी ते नाकाशी धरलं अन् पुन्हा घडी केली.

"मीच डबा उघडून शाबासकी दिली," त्या म्हणाल्या. "एकदा तुम्हाला पुसताना पाहायला पाहिजे होतं." अन् मग, "वीस मिनिटं घड्याळ लावून सुई उकळता, म्हणून मी नागपूरपर्यंत तुमची तारीफ करते, दौलतराव."

त्यापेक्षा गुलाबची तुतारी बरी होती.

बुढी स्टुलावर डबा मांडीवर घेऊन बसली. प्रोबवर आधी तिन्ही फडकी फिरवायला लावली, मग सुनेला हात लावू दिला. वार अजून खालीच होती. बाईंनी त्याच दिवशी शेवंताला मोठ्या दवाखान्यात भरती करवलं. तिसऱ्या दिवशी रक्त जायला लागलं, पण तेव्हा ती खाटेवर होती अन् डॉक्टर दहा पावलांवर. पोट फाडून मुलगी काढली. मुलगी ओरडली, तेव्हा बाहेरच्या ओट्यावर गुलाब रडला अन् मीही. डोळे पुसायला खांद्यावर हात गेला, तर दुपट्टा नव्हता.

मला काय शिक्षा? बाईंनी काढून टाकलं नाही. रजिस्टर हातात दिलं. दुपारच्या ज्या ज्या बायांना शिक्का उठला होता, त्यांच्या घरी जायचं, मलम द्यायचं, अन् खरं सांगायचं. खोटं वाटू नये म्हणून पुरावा दाखवायचा. शहापूर झालं, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये एक बाई होती, तीही झाली. तिच्या नवऱ्यानं तर शेजाऱ्यांना बोलावून मला दोनदा सदरा वर करायला लावला. एका गावात माझ्याआधीच बातमी पोचली होती. लेकरं वेशीवर उभी, "आला, आला, शिक्केवाला आला!"

हळूहळू बाक पुन्हा भरलं. भिंतीवर मी खिळा ठोकला अन् दारातून आत येताना दुपट्टा त्यावर टांगायला लागलो. प्रत्येक बाईनंतर कोरडं, ओलं, कोरडं. बाया स्वतःच मोजायच्या. एखादं राहिलं की, "भाऊ, तिसरं?"

मग शेवंताच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण आलं. मी नवा सदरा घातला, नवा दुपट्टा घेतला, हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. गजकर्ण केव्हाच गेलं होतं. अंगणात बाया पाळणा म्हणत होत्या, चुलीवर हंड्यात पाणी खळखळत होतं. शेवंतानं मुलीला उचललं अन् हसून माझ्याकडे धरलं. "घ्या जी भाऊ."

मी हात पुढे केले.

"थांब गा!" मागून सोनाबाई आली. हातात चुलीतला लांब चिमटा. तिनं चिमट्यानं माझ्या खांद्यावरचा नवा कोरा दुपट्टा उचलला, असा उचलला, जसा मी सुया उचलायचो, अन् साऱ्या पाहुण्यांसमोर त्या खळखळत्या हंड्यात सोडला.

"अवो आजी, नवा होय तो! आजच घडी मोडली!"

बुढीनं हंड्यावर झाकण ठेवलं अन् माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं.

"घड्याळ तुह्याच हातात हाय. पाह्य, अन् वीस मिनिटं झाले का सांग. तवरोक पोरीले हात नोको लावू."

अन् राजेहो, बारसं आटोपलं, घुगऱ्या वाटल्या, तरी मी चुलीपाशी उकिडवा बसून घड्याळ बघत होतो. अठराव्या मिनिटाला गुलाब झाकण उचलायला आला, तर त्याचा हात मीच झटकला.